मागच्या रांगेचे नऊ प्रोग्रॅम

"कुठलाही प्रोग्रॅम द्या," टिळेकर म्हणाला. "अगदी कुठलाही. तो थांबणार की जन्मभर गरगरत राहणार, ते आमचं जजमास्टर सांगतं. माणसाला चूक सापडेपर्यंत आमचा निकाल छापून झालेला असतो."

हे त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं आणि प्राचार्य सोनाळकरांनी तिसऱ्यांदा मान डोलावली. सोनाळकर मूळचे सिव्हिलचे. कॉम्प्युटरबद्दल त्यांना एकच गोष्ट पक्की माहीत होती: त्याला एसी लागतो. म्हणून मार्च लागला की कॉलेजातल्या सगळ्या बैठका ते आमच्या लॅबमध्ये घ्यायचे.

टिळेकर जजमास्टरच्या कंपनीतर्फे पुण्याहून आला होता. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि हा गळ्याला टाय बांधून. बोलताना तो आमच्याकडे बघायचा नाही, आमच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायचा, जणू तिथे अजून एखादं कॉलेज बसलंय. माझं त्याच्याबद्दल मत फारसं बरं नव्हतं. पण त्याच्या शेजारची खुर्ची माझी होती आणि मी दोन आठवडे त्याचं सॉफ्टवेअर तपासून 'उत्तम' असा अहवाल लिहिला होता, हेही सांगायला हवं.

साल सत्त्याण्णव. आदल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाची अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षा आम्ही जजमास्टरवर घेतली होती. चव्वेचाळीस विद्यार्थी. प्रश्न साधा: दहा हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम लिहा. प्रत्येक यंत्रावर जजमास्टर बसवलेलं. विद्यार्थ्यानं प्रोग्रॅम लिहायचा, बटण दाबायचं, निकाल समोर. तेहतीस पास. अकरा जणांच्या पडद्यावर लाल अक्षरं आली, 'थांबत नाही'. प्रोग्रॅम लिहिताना चूक झाली की यंत्र त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा पाळत बसतं आणि कधी संपतच नाही. नवशिक्यांची नेहमीची चूक. त्या अकरांची टर्म ग्रँट होणार नव्हती, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे वर्ष गेलं.

निकालपत्रकावर दोन परीक्षकांच्या सह्या लागत. माझी झाली होती. दुसरी वायकोळे मॅडमची, आणि ती होत नव्हती. म्हणून ही बैठक.

प्रभावती वायकोळे तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. मूळच्या गणिताच्या. गावातल्या सायन्स कॉलेजात त्यांनी मला बी.एस्सी.ला शिकवलं होतं, पुढे आमचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं तेव्हा त्या इकडे आल्या. संगणकशास्त्राचा पाया म्हणून एक विषय असतो, तो त्या शिकवत. पहिले सहा तास यंत्राला हात लावायचा नाही. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारे फ्रान्समधले माग, दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एका गृहस्थानं आखलेलं आणि कधीच पूर्ण न झालेलं दातेरी चाकांचं यंत्र, मग ट्युरिंग नावाच्या पोरानं नुसत्या मनात बांधलेलं, कागदाच्या न संपणाऱ्या पट्टीवर लिहिणारं-खोडणारं यंत्र. मुलं मागे बसून कोडी सोडवायची. मी एकतीस वर्षांचा होतो, मला चार भाषांत प्रोग्रॅमिंग येत होतं आणि मॅडमना मी अजायबघरातली वस्तू समजत होतो. स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करून मी लोकांना हसवायचो. ती मला फार चांगली जमायची, कारण बी.एस्सी.ला असताना त्यांचा एकही तास मी चुकवला नव्हता.

"मॅडम, तुमची शंका काय आहे ती विचारा," सोनाळकर म्हणाले. "साहेबांना संध्याकाळची गाडी पकडायची आहे."

"शंका नाही," मॅडम म्हणाल्या. "हे सांगतात ते होऊ शकत नाही."

"म्हणजे?"

"कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही, ते न चुकता सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. पुण्यात नाही, अमेरिकेत नाही, कुठेच नाही. एकोणीसशे छत्तीस साली, जगात असं एकही यंत्र नव्हतं तेव्हा, तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या ट्युरिंगनं कागदावर जे सिद्ध केलं, त्यातूनच हे निघतं."

सोनाळकरांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. "छत्तीस साली? मॅडम, आता सत्त्याण्णव चालू आहे."

"तेव्हा पेंटियम नव्हता, मॅडम," टिळेकर मोठ्या समजुतीनं म्हणाला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रिमोट समजावून सांगतात तसा.

मी हसलो. मला त्या वाक्यातला मूर्खपणा कळत होता, तरी हसलो. सोनाळकर हसले होते ना.

"सिद्ध केलेलं जुनं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "बघा, सोपं आहे. समजा, एक ज्योतिषी आहे. मी हात वर करणार की नाही, हे तो आधीच सांगतो आणि कधीच चुकत नाही म्हणतो. मी त्याला विचारते, मी हात वर करणार का? तो म्हणाला 'करणार', तर मी करत नाही. तो म्हणाला 'नाही करणार', तर मी करते. काय उरलं त्या ज्योतिषाचं? तसाच प्रोग्रॅम लिहिता येतो. तो तुमच्या जजमास्टरला स्वतःबद्दलच विचारतो आणि जे उत्तर येईल त्याच्या नेमकं उलट वागतो."

"हे झालं तत्त्वज्ञान," टिळेकर म्हणाला.

"बरं. मग तत्त्वज्ञान सोडू." त्यांनी पिशवीतून रेघी कागद काढला. वर हातानं लिहिलेला प्रोग्रॅम होता, जेमतेम वीस ओळी. "यशवंत, हा टाइप कर रे. माझा हात त्या कीबोर्डवर चालत नाही."

मी पुढच्या रांगेतल्या पेंटियमवर बसून टाइप केला. टाइप करता करताच मला तो ओळखू आला. मॅडम उभ्यानंच बाकीच्यांना सांगत होत्या.

"गोल्डबाख म्हणून एक जर्मन गृहस्थ होते. चारपासून पुढची कुठलीही सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असा त्यांचा अंदाज. आठ म्हणजे पाच आणि तीन. वीस म्हणजे तेरा आणि सात. अडीचशे वर्षं झाली, हे कायम खरं असतं की नाही, ते अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. हा प्रोग्रॅम एकेक सम संख्या तपासत पुढे जातो. अशी बेरीज न होणारी संख्या सापडली तर थांबतो, नाही सापडली तर थांबत नाही. आता विचारा तुमच्या यंत्राला."

मी बटण दाबलं. सगळे पडद्याकडे बघत राहिले. दहा सेकंदांनी लाल अक्षरं आली, 'थांबत नाही'.

"झालं!" टिळेकर म्हणाला. "बघा, दिलं उत्तर."

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "अडीचशे वर्षं जगातल्या गणितज्ञांना जे जमलं नाही, ते तुमच्या फ्लॉपीनं या गावात बसून दहा सेकंदांत केलं. प्राचार्य, वर्तमानपत्रात बातमी द्या. कॉलेजचं नाव होईल."

सोनाळकरांना थट्टा कळली नाही. "द्यायची का?" असं ते खरोखरच टिळेकरला म्हणाले. टिळेकरचा चेहरा पडला होता. पुढे काहीतरी येतंय एवढं त्याला कळलं असावं.

मॅडमनी दुसरा कागद माझ्यापुढे ठेवला. हा तर सहा ओळींचा. एकापासून मोजत सुटायचं, एका मोठ्या आकड्यापाशी पोचलं की एक शब्द छापायचा आणि थांबायचं. शाळेतल्या पोरालाही कळेल की हा थांबणार.

जजमास्टरनं दहा सेकंद घेतले. 'थांबत नाही.'

"आता तुमचं ते बाजूला ठेवा आणि हा नुसता चालू दे, यशवंत."

मी चालू केला. पडदा काळा झाला. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. सोनाळकरांनी घड्याळ पाहिलं, मग छताकडे पाहिलं. टिळेकर टायचं टोक बोटाभोवती गुंडाळत होता. मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या, बसस्टँडवर एसटीची वाट बघावी तशा, कसलीही घाई नसल्यासारख्या. पाऊण मिनिट झालं. टिळेकर म्हणाला, "बघा, नाहीच थांब—"

पडद्यावर रोमन अक्षरांत शब्द आला, 'थांबलो'.

"तुमचं यंत्र काही ओळखत बिळखत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ते प्रोग्रॅम चालू करतं, दहा सेकंद वाट बघतं आणि कंटाळतं. कंटाळा आला की 'थांबत नाही' म्हणून छापतं. एवढंच आहे त्यात."

टिळेकर काहीतरी पुटपुटला. पुढच्या आवृत्तीत सुधारणा होत्या म्हणे.

मॅडम आता सोनाळकरांकडे वळल्या. "नापास झालेले अकराही विद्यार्थी मागच्या रांगेत बसले होते. नेमके अकरा. मागच्या रांगेत यंत्रंही अकराच. कॉलेज सुरू झालं तेव्हा घेतलेली ती जुनी, सगळ्यांत मंद यंत्रं. मधली त्यापेक्षा बरी, आणि पुढची पेंटियम, तपासणीची समिती येणार म्हणून गेल्या वर्षी घेतलेली. पुढे जो प्रोग्रॅम दोन सेकंदांत संपतो, त्याला मागे बारा लागतात. पोरांना आपण आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमानं बसवतो. पिंजारी, तडवी, वळवी, वाणी ही मागे, जुन्या यंत्रांवर. मी अकराही प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचले. दोघांचे खरंच चुकलेत. नऊ बरोबर आहेत. त्यातला रुखसाना पिंजारीचा तर वर्गातला सगळ्यांत स्वच्छ आहे."

सोनाळकर बोटांवर मोजू लागले. ते मूर्ख होते, पण आकडे त्यांना समजत. अकरा यंत्रं, अकरा नापास. त्यांच्या डोक्यात ते शिरताना मला दिसत होतं. आणखी मिनिटभर कुणी काही बोललं नसतं तर त्यांनी निकाल मागे घेतला असता, असं मला आजही वाटतं. पण निकाल मागे घेणं म्हणजे संस्थेच्या सभेत जाऊन चूक झाली म्हणून सांगणं. ते त्यांना नको होतं. त्यांनी सुटकेसाठी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"भिरूड, तुम्ही दोन आठवडे तपासलंय हे. तुमचा अहवाल आहे. तुमचं काय म्हणणं?"

विभागप्रमुखाची जागा जूनपासून रिकामी होणार होती. त्याबद्दल सोनाळकर माझ्याशी तोंडी बोललेही होते.

मी उठून उभा राहिलो. बसून बोललो असतो तरी चाललं असतं, पण मला वाटलं उभं राहिल्यानं वजन येईल.

"सर, मॅडमनी दाखवलेले दोन्ही प्रोग्रॅम मुद्दाम तसे रचलेले आहेत. विद्यार्थी असले प्रोग्रॅम लिहीत नाहीत. हे थिअरीमध्ये ठीक आहे. प्रत्यक्षात या सॉफ्टवेअरनं मला दोन आठवड्यांत एकही चुकीचा निकाल दिलेला नाही."

"आणि मागची रांग?"

"योगायोग असू शकतो सर. मागच्या रांगेतली मुलं तशीही..." मी वाक्य अर्धवट सोडलं. ते पुरं करायची गरज नव्हती. त्या खोलीतल्या दोघांनी ते मनातल्या मनात पुरं करून घेतलं आणि त्यांना बरं वाटलं.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. राग नव्हता. वर्गात एखाद्यानं फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं की त्या तशा बघत, चूक नेमकी कुठल्या पायरीला झाली ते शोधत.

"यशवंत, अरे, तुला मी हे स्वतः शिकवलंय," त्या म्हणाल्या. "वाट बघणं आणि कळणं यातला फरक."

"मॅडम, ते बी.एस्सी.ला होतं," मी म्हणालो. "इथं इंडस्ट्री कुठे चालली आहे ते बघायला हवं."

टिळेकरनं जोरात मान हलवली. इंडस्ट्री हा शब्द त्याच्या ओळखीचा होता.

सोनाळकरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. खास बाब म्हणून एका सहीवर निकाल लावता येईल, असं त्यांनी जाहीर केलं. तसा काही नियम होता की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही.

मॅडमनी त्यांचे दोन कागद उचलले, घडी करून पिशवीत ठेवले. दाराशी जाऊन वळल्या.

"ठीक आहे, भिरूड सर," त्या म्हणाल्या. "येते मी. तुम्ही बसा."

विसाव्या वर्षापासून त्यांनी मला अरे-तुरेच केलं होतं. त्या दिवसापासून मी 'अहो' झालो. जिन्यात भेटलो की त्या बाजूला होऊन मला आधी जाऊ देत. स्टाफरूममध्ये मी आलो की खुर्ची पुढे करत. इतरांना वाटायचं, बघा, किती नम्र बाई. मला तेवढ्यानं घाम फुटायचा.

नंतर त्यांनी केलं ते असं. नऊही प्रोग्रॅम घेऊन त्यांनी प्रत्येकासाठी एकेक पान लिहिलं: हा प्रोग्रॅम थांबतो, कारण अमुक आकडा प्रत्येक फेरीला एकानं वाढतो, आणि दहा हजारांच्या पुढे तो जाऊ शकत नाही. घड्याळ नाही, यंत्र नाही, फक्त कारण. अशा नऊ सिद्धता, खाली सही आणि तारीख. विद्यापीठाला पाठवल्या. उत्तर आलं नाही तेव्हा पुन्हा पाठवल्या. सुट्टीत स्वतः जाऊन आल्या. सोनाळकरांनी त्यांना संस्थेच्या बदनामीबद्दल नोटीस काढली. तिचा मसुदा मी तपासला होता, व्याकरणाच्या चुका होत्या म्हणून.

सात महिन्यांनी विद्यापीठानं नऊ जणांची टर्म ग्रँट केली. वर्ष गेलं ते गेलंच. आठ जण परत येऊन बसले. रुखसाना पिंजारी आली नाही. का आली नाही, ते मी विचारलं नाही. विभागप्रमुख म्हणून मी तिच्या नावासमोर 'सोडून गेली' असं लिहिलं.

मी प्रमुख झालो होतोच. मॅडमचा विषय पुढच्याच वर्षी ऐच्छिक झाला, त्याच्या पुढच्या वर्षी कुणी घेतला नाही म्हणून बंद. जजमास्टर राहिलं. प्रवेशाच्या पत्रकात त्याचा फोटो छापायचो आम्ही.

दोन हजार एक साली मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्यांनी नको म्हटला. शेवटच्या दिवशी दुपारी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. विभागातली पुस्तकं, किल्ल्या परत केल्याचा फॉर्म होता, त्यावर प्रमुखाची सही लागायची.

"बसा ना, मॅडम."

त्या बसल्या. मी सही करत होतो. त्या म्हणाल्या, "भिरूड सर, एक विचारायचं होतं. ते जजमास्टर अजून वापरता ना तुम्ही? हल्ली मागच्या रांगेत कुणी नापास होत नाही, असं ऐकलं."

"नाही होत."

"यंत्रं तर तीच आहेत."

"वाट बघायची वेळ वाढवली मी. आता साठ सेकंद आहे."

"कधी वाढवलीत?"

"प्रमुख झालो त्या आठवड्यात."

"ती बदलता येते?"

"सोबत एक छोटी फाइल येते. तिच्या पहिल्याच ओळीत आकडा असतो. दहा होता, मी साठ केला."

त्यांनी मान हलवली. फॉर्मसाठी हात पुढे केला, मी तो दिला, पण त्या उठल्या नाहीत.

"ती फाइल तुम्ही पहिल्यांदा कधी उघडलीत?"

खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशीच्या बैठकीनंतर, असं म्हणालो असतो तर त्या कुणाला विचारणार होत्या? पण चार वर्षं अहो-जाहो ऐकून मी थकलो होतो, आणि मला वाटलं, खरं बोललो तर कदाचित त्या एकदा तरी चिडतील, 'अरे' म्हणतील.

"फ्लॉपी आली त्याच दिवशी," मी म्हणालो. "परीक्षेच्या दोन आठवडे आधी."

"म्हणजे ते नुसतं वाट बघतं, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मागच्या यंत्रांवर काय होईल, तेही."

"हो."

त्या हसल्या. टोमणा नव्हता त्यात. डॉक्टरनं काही नाही म्हणून सांगितल्यावर माणूस हसतो, तसं मोकळं हसू.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला तेव्हा समजलंच नव्हतं. चार वर्षं मी स्वतःला विचारत होते, की एवढी साधी गोष्ट मी नीट शिकवली कशी नाही. तुमच्या बॅचच्या वह्यासुद्धा मी पुन्हा काढून पाहिल्या."

त्यांनी फॉर्मची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"शिकवण्यात काही चूक नव्हती तर," त्या म्हणाल्या, आणि समाधानानं उठून गेल्या.